विश्वेश्वरय्यांची पहिली परीक्षा साक्रीच्या पांझरेने घेतली होती

15 सप्टेंबर आला की म्हैसुरी फेट्यातला तो फोटो सगळ्यांच्या स्टेटसला असतो. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पण या माणसाच्या नोकरीचा सुरुवातीचा काळ आपल्या खानदेशात गेला, हे धुळ्यातही अनेकांना माहीत नाही.

जन्म 1861 चा, कर्नाटकातल्या मुद्देनहळ्ळीचा. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून ते इंजिनियर झाले आणि 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनियर म्हणून लागले. लवकरच काम मिळालं साक्री तालुक्यातल्या दातर्तीला.

इथे पांझरा समजून घ्यावी लागते. पिंपळनेरकडच्या सह्याद्रीच्या डोंगरात ती उगम पावते, पूर्वेला धुळ्यापर्यंत येते, मग उत्तरेला वळून मुडावदला तापीला मिळते. नदी लहान, पण डोंगरात पाऊस झाला की बघता बघता फुगते आणि वाळू घेऊन येते.

दातर्तीला पाटाचं पाणी आडव्या येणाऱ्या पात्राखालून पलीकडे न्यायचं होतं. त्यासाठी पाइपचा सायफन. एका बाजूने पाणी खाली उतरतं आणि दुसरं तोंड थोडं खालच्या पातळीवर असल्याने पलीकडे आपोआप वर चढतं. पंप लागत नाही.

कागदावर सोपं. पण ऐन पावसाळ्यात पूर आणि वाळूने कामाचे हाल केले. विश्वेश्वरय्यांनी वरिष्ठांना कळवलं की पाऊस संपेपर्यंत थांबूया. वरिष्ठांना ही टाळाटाळ वाटली. विशीतला पोरगा, नवी नोकरी आणि शेरा शिस्तीवर! खरं तर नदी पाहता त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. पण त्यांनी वाद वाढवला नाही, पुरातच काम रेटलं आणि सायफन पूर्ण केला. त्याच वरिष्ठांनी मग कौतुकही केलं.

याच पांझरेवर शेतकऱ्यांची जुनी फड पद्धत होती. बंधाऱ्याचं पाणी पाटाने यायचं, शिवाराचे फड पाडलेले असायचे, एका फडात सगळ्यांचं एकच पीक आणि पाणी पाळीने. 1899 मध्ये विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली, तीही जमिनीचे गट पाडून पिकं आलटून पालटून घेण्याची. दोन्हींतलं साम्य लगेच डोळ्यात भरतं.

पुढे खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे, कृष्णराजसागर, म्हैसूरची दिवाणगिरी, 1955 मध्ये भारतरत्न. 1962 मध्ये, शंभरी ओलांडून ते गेले. त्याआधी लिहिलेल्या आठवणींच्या पुस्तकात त्यांनी दातर्तीचा तो सायफन आवर्जून नोंदवला आहे.