तीन दिव्यांचा मासा आणि विल्यम बीबी

सातवीला अनुकूलन आणि वर्गीकरण शिकवताना खोल समुद्रातल्या अँग्लरफिशचं, म्हणजे गळ टाकणाऱ्या माशाचं चित्र जरूर दाखवा. काळाकुट्ट देह, सुयांसारखे दात आणि तोंडापुढे लोंबणारा दिवा. एखादं तरी मूल विचारतंच, हा खरंच असतो का? विल्यम बीबी यांनी पाहिलेल्या एका माशाबद्दल हाच प्रश्न मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी विचारला. त्याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

बीबींचा जन्म २९ जुलै १८७७ चा, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. बालपण शेजारच्या न्यू जर्सी राज्यात गेलं. कोलंबिया विद्यापीठात शिकले, पण पदवी न घेताच १८९९ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात पक्षी विभागात नोकरीला लागले. तितर-मोरांच्या कुळातले फेझंट पक्षी अभ्यासायला ते १९१० च्या सुमारास भारतात, अगदी हिमालयापर्यंत येऊन गेले. त्यावर त्यांनी चार खंडांचा ग्रंथ लिहिला. म्हणजे माणूस मुळात पक्ष्यांचा. समुद्राकडे ते वळले ते चाळिशी उलटल्यावर.

१९२९ पासून बर्म्युडाजवळच्या नॉनसच नावाच्या छोट्या बेटावर त्यांनी मुक्काम ठोकला. बेटाच्या दक्षिणेला समुद्रात आठ मैल व्यासाचं एक वर्तुळ ठरवलं आणि वर्षानुवर्षं तिथेच, वेगवेगळ्या खोलीवर जाळी ओढली. सगळा समुद्र पालथा घालण्यापेक्षा एकच जागा नीट बघायची, ही त्यांची पद्धत मला फार आवडते.

या जाळ्यांत अधूनमधून गळवाले मासे यायचे. ते ओळखायचे कसे, हे जरा सविस्तर सांगतो. या माशाच्या पाठीवरच्या परातला पहिला काटा पुढे सरकून थेट थोबाडावर आलेला असतो. तीच गळाची काठी. तिच्या टोकाला एक फुगीर गोळा असतो आणि बहुतेक जातींत त्यात उजेड देणारे जिवाणू राहतात. म्हणजे दिवा माशाचा, पण तेल-वात दुसऱ्याची! ही काठी आणि दिवा फक्त मादीला असतो. दोन जाती एरवी अगदी सारख्या दिसतात, पण दिव्याच्या गोळ्यावरचे तंतू, त्यांची संख्या, फाटे आणि लांबी जातीजातीत वेगळी असते. त्यामुळे तज्ज्ञ आधी दिवा तपासतात. मग दात मोजतात, परांमधले काटे मोजतात, डोक्याच्या हाडांवर टोकं आहेत का ते बघतात. हे सगळं करायला मासा समोर टेबलावर लागतो, आणि तोही धड अवस्थेत. जाळ्यात खरचटून दिव्याचे तंतूच तुटले असतील, तर ओळख पटवणं कठीण होऊन बसतं.

१९३२ मध्ये बीबींनी अशाच जाळ्यात आलेल्या एका माशाचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि त्याला कीनोफ्रायने ड्रॅको असं नाव दिलं. ड्रॅको म्हणजे राक्षसी सर्प. याच्या जवळच्या नातलगांच्या डोक्यावर हाडाची अणकुचीदार टोकं असतात, याला ती नसतात. हा मासा पुढे इतर महासागरांतही सापडला. त्याचं नाव आजही पक्कं आहे.

आता दुसरा मासा. जाळ्यात मेलेले मासे बघून बीबींचं समाधान होईना, त्यांना ते जिवंत बघायचे होते. ओटिस बार्टन या तरुण इंजिनिअरने स्वतःच्या खर्चाने पोलादाचा एक पोकळ गोळा बनवून घेतला होता. त्याचं नाव बाथिस्फिअर. व्यास जेमतेम पावणेपाच फूट, वजन सव्वादोन टन, खिडक्यांना तीन इंच जाड क्वार्ट्झच्या काचा. वरच्या जहाजाशी संबंध एका पोलादी दोराचा आणि टेलिफोनच्या तारेचा. आत दोघं जण अंग चोरून बसायचे. प्राणवायूच्या टाक्या होत्या, श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि दमटपणा शोषायला रसायनांचे ट्रे होते, आणि हवा फिरवायला चक्क ताडाच्या पानाचे हातपंखे! दोर तुटला असता तर वर येण्याचा मार्ग नव्हता. १५ ऑगस्ट १९३४ रोजी हे दोघं ३०२८ फूट, म्हणजे ९२३ मीटर खोल गेले. तिथे खिडकीच्या दर चौरस सेंटीमीटरवर साधारण ९५ किलोचा दाब होता.

त्याच्या चारच दिवस आधीची, ११ ऑगस्टची गोष्ट. जवळजवळ अडीच हजार फुटांवर बीबींच्या खिडकीसमोर सहा इंचांचा एक काळा, लंबगोल मासा आला. तोंड अर्धवट उघडं, आत दातांची रांग. आणि डोक्यावर एक नाही, तीन काठ्या ताठ उभ्या, प्रत्येकीच्या टोकाला फिकट पिवळा दिवा. बीबी फोनवर सांगत होते आणि वर जहाजावर ग्लोरिया हॉलिस्टर शब्दन्‌शब्द टिपून घेत होत्या. नंतर एल्स बोस्टेलमन या चित्रकर्तीने त्या वर्णनावरून चित्र काढलं. बीबींनी नाव दिलं बॅथिसेरॅटियास ट्रायलिक्नस, म्हणजे तीन दिव्यांचा. फोटो नाही, नमुना नाही. असं नुसतं खिडकीतून पाहून त्यांनी एकूण चार माशांना शास्त्रीय नावं दिली.

तज्ज्ञांमध्ये खळबळ उडाली. कार्ल हब्ज या नावाजलेल्या मत्स्यतज्ज्ञाने बीबींच्या पुस्तकाचं परीक्षण लिहिताना त्यांतल्या एका माशाबद्दल टोमणाच मारला. तो मासा नसून चमकणारा जेलिफिशसारखा प्राणी असावा आणि बीबींच्याच श्वासाने धूसर झालेल्या काचेमुळे दिवे तसे दिसले असावेत, असा त्याचा सूर होता. टोमणा बोचरा खरा, पण शंका रास्त होती असं मला वाटतं. कारण मासा हातात असतानासुद्धा माणूस फसतो. १९२२ मध्ये आइसलँडच्या ब्यार्नी सेमुंडसन यांना एका मोठ्या गळवाल्या मादीच्या पोटाला दोन छोटे मासे चिकटलेले दिसले. त्यांनी ती पिल्लं समजली. तीन वर्षांनी लंडनच्या संग्रहालयात चार्ल्स टेट रेगन यांनी तसाच एक चिकटलेला छोटा मासा चिरून पाहिला, तेव्हा कळलं की तो नर आहे! कातडी कातडीत मिसळलेली, मादीच्या रक्तावर जगणारा नवरा. ही गोष्ट खिडकीतून बघून कुणाला कळली असती?

पण म्हणून बीबी थापा मारत होते असंही म्हणवत नाही. हजारावर जाळी ओढलेला, गळवाले मासे स्वतः हाताळलेला माणूस होता तो. असे मासे आपल्याला नीट माहीत होते, तरी तीन काठ्यांचा एकही जाळ्यात आलेला नव्हता, म्हणूनच त्यांचे डोळे त्यावर खिळले असणार. १९४७ मध्येसुद्धा जोसलिन क्रेन या सहकारी संशोधिकेबरोबर त्यांनी पॅसिफिकमधल्या गळवाल्या माशांवर शोधनिबंध लिहिला, तो जाळ्यातल्या नमुन्यांवर, एकेक काटा मोजून.

१९३४ नंतर बाथिस्फिअरमधून त्यांनी खोल बुड्या मारल्या नाहीत. शेवटची वर्षं त्रिनिदाद बेटावर गेली. तिथल्या डोंगरात त्यांनी संशोधन केंद्र उभारलं होतं, आणि त्या जागेचं नाव होतं सिमला. तिथेच ४ जून १९६२ रोजी ते वारले. आता खोल समुद्रात कॅमेरे लावलेली यंत्रं उतरतात, जिवंत गळवाल्या माशांचे व्हिडिओसुद्धा मिळालेत, मुलांना ते जरूर दाखवा. त्यात एका काठीचे, एका दिव्याचे मासे दिसतील. तीन दिव्यांचा मासा मात्र अजून बोस्टेलमनबाईंच्या चित्रातच आहे.