आचार्य विनोबा : विचार, उच्चार आणि आचार

देवळाची भिंत खचली, कौले फुटली, की गावकरी वर्गणी काढून जीर्णोद्धार करतात. माणसाच्या मनाचीही अशीच पडझड होत असते. पण तिची डागडुजी ज्याची त्यालाच करावी लागते. विचार बदलावा, बोलणे सुधारावे आणि त्याप्रमाणे वागावे, हाच तो जीर्णोद्धार. तो ज्यांनी जन्मभर केला ते आचार्य विनोबा भावे आपल्याच रायगड जिल्ह्याचे सुपुत्र होत. पनवेलच्या शेजारी असलेल्या पेण तालुक्यातील गागोदे या लहानशा गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांचा जन्म झाला. मूळ नाव विनायक नरहरी भावे.

आई रुक्मिणीबाई फारशा शिकलेल्या नव्हत्या, परंतु भाविक व शहाण्या होत्या. अंगणातल्या झाडाचा फणस पिकला की गऱ्यांचे वाटे करून ते आधी शेजारच्या घरी पोचवावयाचे आणि मगच मुलांनी खावयाचे, असा त्यांचा दंडक होता. जो देतो तो देव आणि जो राखून ठेवतो तो राक्षस, अशी शिकवण त्यांनी मुलाला दिली. पुढे ज्या माणसाने देशभर दान मागितले, त्याचा पहिला धडा कोकणातल्या फणसावर झाला होता.

वडील नोकरीनिमित्त बडोद्यास होते, तेथे विनायकाचे शिक्षण झाले. १९१६ साली शाळेची प्रमाणपत्रे आईसमोर चुलीत घालून त्यांनी परतीची वाट बंद केली. त्याच वर्षी इंटरच्या परीक्षेला मुंबईस निघालेला हा विद्यार्थी वाटेत सुरतेस उतरला आणि ब्रह्मजिज्ञासेने काशीस गेला. तेथून ७ जून १९१६ रोजी तो अहमदाबादेस महात्मा गांधींच्या आश्रमात दाखल झाला. दळणे, विणणे, संडास सफाई ही कामे त्यांनी पूजेच्या भावनेने केली. १९२१ साली वर्ध्याच्या आश्रमाचा भार त्यांच्यावर आला.

आईला संस्कृत गीता समजत नसे. सोप्या मराठीत गीता असावी ही तिची इच्छा होती. आई १९१८ साली वारली, परंतु मुलाने ते शब्द मनात जपून ठेवले. ७ ऑक्टोबर १९३० रोजी आरंभ करून ६ फेब्रुवारी १९३१ रोजी त्यांनी गीताई पूर्ण केली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी कैद्यांपुढे गीतेवर अठरा प्रवचने दिली. सहकैदी साने गुरुजींनी ती लिहून घेतल्यामुळे आपल्याला गीता प्रवचने हा ग्रंथ लाभला.

विचाराचे बळ केवढे असते हे १९३८ साली दिसून आले. श्रमाने विनोबांचे वजन ८८ पौंडांवर आले होते. हवापालटासाठी कोठेतरी जावे असा गांधीजींचा आग्रह होता. विनोबांनी वर्ध्याजवळचे पवनार निवडले. ७ मार्च रोजी धाम नदीचा पूल ओलांडताना त्यांनी सर्व कामांच्या चिंतेचा मनोमन त्याग केला. पुढे शेतात रोज थोडे थोडे खणण्याचा नेम ठेवला. दहा महिन्यांत चाळीस पौंड वजन वाढले. त्याच जमिनीत खणताना भरत आणि राम यांच्या भेटीची एक जुनी कोरीव शिळा सापडली. विनोबांनी तिची स्थापना करून लहानसे मंदिर केले. राज्यासाठी न भांडणाऱ्या भावांची ती मूर्ती होय.

उच्चाराची कसोटी भूदानात लागली. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली गावी चाळीस हरिजन कुटुंबांनी ८० एकर जमीन मागितली. विनोबांनी सरकारकडे बोट न दाखवता गावालाच विचारले, तेव्हा रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली. मग तेरा वर्षे पदयात्रा चालली. जमीनदाराला दोष न देता, पाच मुलगे असतील तर मला सहावा समजून माझा वाटा द्या, अशी त्यांची मागणी असे. चाळीस लाख एकरांहून अधिक जमिनीचे दान झाले. त्यातील पुष्कळ जमीन नापीक निघाली, काहींचे कागद पुरे झाले नाहीत, पुष्कळ जमिनीचे वाटप राहून गेले, हेही खरे आहे. तथापि गोड शब्दाने हातातली जमीन सुटते, हे लोकांनी पाहिले. १९६० साली चंबळच्या खोऱ्यात वीस दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे हत्यारे ठेवली, तीही अशाच शब्दामुळे.

आचाराची परीक्षा देवळाच्या दारात झाली. सप्टेंबर १९५३ मध्ये हरिजन बांधवांसह तेव्हाच्या बिहारमधील वैद्यनाथधाम येथे दर्शनास गेले असता पंड्यांनी मारहाण केली. विनोबांच्या कानाला इजा झाली, तरी मारणाऱ्यांना शिक्षा करू नये असे त्यांनी कळविले. जेथे बरोबरच्या सर्वांना प्रवेश नाही, तेथे आपणही जावयाचे नाही, हा नेम त्यांनी सोडला नाही. मे १९५८ मध्ये पंढरपूरच्या बडव्यांनी त्यांना आपण होऊन बोलाविले. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सोबत्यांसह ते विठ्ठलासमोर उभे राहिले तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून अश्रुधारा वाहत होत्या.

अन्न व औषध यांचा त्याग करून १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनार येथे त्यांनी देह ठेवला. १९८३ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

आपल्या पनवेल परिसरात भातशेती जाऊन वसाहती उभ्या राहिल्या, जमिनीला सोन्याचा भाव आला. सातबाऱ्यावरच्या एका नावापायी सख्खे भाऊ एकमेकांच्या उंबऱ्यावर चढत नाहीत, अशी घरे सर्वांनाच ठाऊक आहेत. खांदा कॉलनीसारख्या ठिकाणी तर गावोगावची माणसे एकत्र नांदतात. येथे देवळाच्या एका पायरीवर सर्वांना बसता आले पाहिजे. ज्या दात्यांनी या कामास हातभार लावला, त्यांचे धन सत्कारणी लागले आहे. आता नव्या गाभाऱ्यापुढे हात जोडताना अबोल्यात असलेल्या एका भावाला, एका शेजाऱ्याला प्रत्येकाने बरोबर आणावे. मनातला राग विचाराने सोडावा, हाक गोड मारावी आणि एक पाऊल आधी आपण टाकावे. गागोद्याच्या या सुपुत्राला तीच खरी आदरांजली ठरेल.