कापरेकर गुरुजी

वरूडच्या शाळेत बसून ही गंमत करून पाहा. ४२१५ ही संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहा : ५४२१. मग चढत्या क्रमाने लिहा : १२४५. वजाबाकी ४१७६ येते. पुन्हा तसेच करा. ७६४१ मधून १४६७ वजा केले की ६१७४ उरतात. यापुढे दरवेळी ६१७४ च येईल!

चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. उत्तर तीन अंकी आले, तर आधी शून्य लिहा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतेच.

हा शोध दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा. त्यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. ते नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिक्षक होते. १९४९ साली त्यांनी मद्रासच्या गणित परिषदेत हा शोध मांडला. काही गणितज्ञांना तो पोरखेळ वाटला. पण गुरुजी खचले नाहीत. त्यांनी स्वतः पुस्तिका छापल्या. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील एका प्रसिद्ध मासिकात त्यांच्या कामाविषयी लिहिले. तेव्हा गुरुजी सत्तर वर्षांचे होते. १९८६ साली ते वारले. आज जगभर ६१७४ ला ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात.