विभावरींचे ऋण

1933 साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला आणि मराठी सुशिक्षित समाजात एकच खळबळ उडाली. मुखपृष्ठावरील 'विभावरी शिरूरकर' हे नाव कोणाच्याच परिचयाचे नव्हते. ही बाई कोण, की बाईच्या नावाआडून कोणी पुरुषच लिहीत आहे, याचा शोध ग्रंथाच्या वाचनाहूनही अधिक उत्साहाने सुरू झाला. लेखिकेचा अपराध एवढाच की, शिकलेल्या, मिळवत्या, परंतु अविवाहित मुलींच्या मनातील कोंडमारा तिने चारचौघांत बोलून दाखविला होता. कमावत्या लेकीच्या पगाराची घराला सवय होते आणि तिच्या लग्नाचा विषय हळूहळू मागे पडतो, हे प्रत्येकास ठाऊक होते. ते छापलेले पाहणे मात्र सोसवेना.

या विभावरी म्हणजे 1905 साली जन्मलेल्या बाळूताई खरे. 1938 साली विश्राम बेडेकरांशी विवाह झाल्यावर त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. त्यांचे वडील शिक्षक. लोकापवादाची पर्वा न करता त्यांनी मुलींना हिंगण्यास अण्णासाहेब कर्व्यांच्या संस्थेत धाडले. त्या पित्याचे ऋण मालतीबाईंनी 1953 साली 'खरेमास्तर' लिहून फेडले.

1934 सालच्या 'हिंदोळ्यावर' या कादंबरीत त्यांनी परित्यक्तेचा प्रश्न मांडला. पतीने टाकलेल्या स्त्रीस कायद्याने सुटका नव्हती. पतीस मात्र दुसरा संसार थाटण्यास आडकाठी नव्हती. अशा स्त्रीने प्रेमाचा व मातृत्वाचा हक्क मागावा, हे वाचकांस भयंकर वाटले. मुंबई प्रांतात हिंदूंना घटस्फोटाचा कायदा मिळाला तो 1947 साली. कादंबरी कायद्याच्या तेरा वर्षे पुढे होती.

पुढे सोलापूरला, गुन्हेगार ठरविलेल्या जमातींच्या वसाहतीत त्यांनी सरकारी नोकरी केली. काटेरी तारांमागील त्या जगातून 1950 साली 'बळी' ही कादंबरी आली. मध्यमवर्गीय उंबरठा ओलांडण्याचे हे धैर्य त्या काळी विरळाच होते.

2001 साली मालतीबाई कालवश झाल्या. आज टोपणनाव घेण्याची गरज उरली नाही, असे आपण समाधानाने म्हणतो. परंतु मुलीचे शिक्षण अभिमानाने सांगणारे घर तिचा निर्णय तितक्याच अभिमानाने मानते काय? विभावरींनी आपले नाव झाकले, ते भित्रेपणाने नव्हे. सत्य नावानिशी ऐकून घेण्याची आपलीच तयारी नव्हती. ती आता तरी झाली आहे काय, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या घरात शोधावे.