नंबर बरोबर, पण खोलीत काय?

गिरगावातल्या चाळीत ज्याचे बालपण गेले त्याला पॉइंटर शिकवावा लागत नाही, असे माझे जुने मत आहे. संगणकाची स्मृती म्हणजे लांबलचक चाळ, आणि पॉइंटर म्हणजे खोलीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी. खोलीत काय आहे, हे मात्र नंबर सांगत नाही. डेनिस रिची यांची गाठ ह्याच प्रश्नाशी पडली.

१९४१ साली न्यूयॉर्क राज्यात जन्मलेले रिची हार्वर्डला पदार्थविज्ञान शिकले आणि १९६७ मध्ये वडिलांच्याच बेल लॅब्जमध्ये आले. तेथे केन थॉम्प्सन यांच्या ‘बी’ भाषेत सर्व खोल्या सारख्या होत्या. पुढे पीडीपी-११ यंत्र आले. त्यात अक्षराला एक बाइट, तर पूर्णांकाला दोन लागत. मग चिठ्ठीवर आतल्या ऐवजाचा प्रकारही लिहिणे भाग पडले, आणि ‘सी’ घडली. १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा तिच्यात लिहिला गेला.

सुरुवातीला कारभार सैलच होता. साधी संख्या चिठ्ठी म्हणून पुढे केली तरी कंपायलर हूं की चूं करीत नसे. युनिक्स दुसऱ्या जातीच्या यंत्रावर नेताना ही ढिलाई नडली. तेव्हा ‘कास्ट’ आला: चिठ्ठीचा प्रकार बदलायचा तर तसे उघड लिहा. एकदा लिहिले की कंपायलर वाद घालत नाही. खोड्या काढायला स्टीफन जॉन्सन यांचा ‘लिंट’ हा वेगळा प्रोग्रॅम होता.

१९८९ च्या प्रमाण सीमध्ये ‘व्हॉइड’ पॉइंटर आला, म्हणजे नुसत्या नंबराची चिठ्ठी. स्मृती मागितली की मॅलॉक अशीच चिठ्ठी देतो आणि सी ती निमूट हव्या त्या प्रकारात घेते. तिच्यातूनच निघालेली सी प्लस प्लस मात्र कास्टशिवाय घेत नाही. नव्वदीत दादरच्या क्लासांत मॅलॉकपुढे कास्ट घोकून घेत. सीमध्ये त्याची गरज नव्हती. उलट हेडर फाइल राहिली तर ती चूक त्याखाली झाकली जाई.

रिचींनी भरवसा लिहिणाऱ्यावर टाकला. मला तो निष्काळजीपणा वाटत नाही. यंत्राचा गाभा लिहिणाऱ्याला तेच बाइट कधी संख्या, कधी उपकरणाची कळ म्हणून पाहावे लागतात. पण किंमतही मोठी आहे. चुकीच्या प्रकाराची चिठ्ठी शेजाऱ्याची खोली उघडते, आणि त्या वाटेने हल्लेखोर आजही ब्राउझरमध्ये शिरतात.

१९८३ चे ट्युरिंग पारितोषिक त्यांना थॉम्प्सन यांच्यासह मिळाले. ऑक्टोबर २०११ मध्ये ते घरी मृतावस्थेत आढळले. आठवड्यापूर्वीच स्टीव्ह जॉब्ज गेले होते, आणि वृत्तपत्रांचे रकाने त्यांनीच भरले होते. जॉब्ज यांच्या फोनचा गाभाही बव्हंशी सीमध्येच लिहिलेला होता.