शिवछत्रपति व माहुली गड

शिवछत्रपतींची (१६३०–१६८०) तडफ सर्वश्रुत आहे. त्यांची सबुरी मात्र फारसें कोणी सांगत नाहीं. ती पाहावयाची तर आपल्या शहापुराजवळील माहुली गडाकडे वळावें. पुरंदरच्या तहान्वयें १६६५ सालीं मोगलांस दिलेला हा गड महाराजांनीं १६७० च्या फेब्रुवारींत, रात्रीं शिड्या लावून, घेऊं पाहिला. किल्लेदार मनोहरदास गौड सावध होता. पुष्कळ माणसें पडलीं. अशा वेळीं मानी पुरुष बहुधा हट्टास पेटतो. महाराजांनीं वेढा उठविला, आणि वेळ न दवडतां कल्याण-भिवंडी घेतली. इकडे पुरेशी कुमक मिळेना म्हणून मनोहरदासानें अधिकार सोडला. नव्या किल्लेदाराचा जम बसतो न बसतो तोंच, १६ जून रोजीं, मोरोपंत पिंगळ्यांनीं माहुली सर केली.