गॅरी गायगॅक्स : तळघरातला सूत्रधार

विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनीव्हा नावाचं एक छोटं गाव आहे. गावाला लागूनच मोठं तळं आहे. उन्हाळ्यात शिकागोची माणसं तिथे सुट्टीला येतात. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ या गावातून जगभर गेला. तुमच्यापैकी बरेच जण त्याला नुसतं डी अँड डी म्हणतात.

हा खेळ आणणाऱ्या दोघांपैकी एक म्हणजे गॅरी गायगॅक्स. त्यांचा जन्म २७ जुलै १९३८ रोजी शिकागोत झाला. वडील स्वित्झर्लंडहून आलेले, व्हायोलिन वाजवणारे. गॅरी आठ वर्षांचे असताना कुटुंब लेक जिनीव्हाला राहायला आलं. गावाबाहेर एक बंद पडलेलं आरोग्यधाम होतं आणि त्याच्याखाली बोगदे होते. गॅरी आणि त्यांचे मित्र तिथे जाऊन भटकायचे. पुढे त्यांच्या खेळात एवढी भुयारं का आली, याचं उत्तर मला तरी इथेच सापडतं.

शाळा त्यांनी अर्धवट सोडली. नंतर शिकागोतल्या एका विमा कंपनीत नोकरी धरली, लग्न झालं, मुलं झाली. संध्याकाळी घराच्या तळघरात वाळूच्या मोठ्या टेबलावर मित्रांबरोबर लढायांचे खेळ चालत. १९७० मध्ये नोकरी गेली. घरात पाच मुलं होती. मग तळघरातच बूट दुरुस्त करायचं यंत्र आलं आणि गॅरी चपला-बूट शिवू लागले. खेळ मात्र सुटला नाही.

१९७२ च्या अखेरीस शेजारच्या मिनेसोटा राज्यातून डेव्ह आर्नेसन नावाचा तरुण त्यांच्याकडे आला. त्याच्या खेळात सैन्य नव्हतं. प्रत्येक खेळाडू एकच माणूस व्हायचा आणि किल्ल्याखालच्या अंधारात उतरायचा. समोर काय दिसतं, ते एक जण सांगायचा. आपल्या नाटकात सूत्रधार असतो ना, तसाच हा. फरक इतकाच, की या सूत्रधाराला नाटकाचा शेवट माहीत नसतो.

गॅरी यांना हे भलतंच आवडलं. त्यांनी नियम लिहून काढले, ग्रेहॉक नावाच्या किल्ल्याखालचं भुयार रचलं आणि मोठ्या दोन मुलांना, अर्नी आणि एलिसला, त्यात उतरवलं. मुलांना तिथे तांब्याच्या नाण्यांनी भरलेली पेटी सापडली. पण ती इतकी जड, की उचलता येईना! खजिना मिळूनही हात रिकामेच. असे डाव टाकायला गॅरी यांना फार आवडायचं.

मोठा प्रकाशक काही मिळाला नाही. म्हणून १९७३ मध्ये मित्रांबरोबर टीएसआर ही कंपनी काढली आणि १९७४ च्या सुरुवातीला खेळाचे १,००० संच छापले. एका वर्षाच्या आत ते संपले. संचावर गायगॅक्स आणि आर्नेसन अशी दोघांची नावं होती. पुढच्या जाड पुस्तकांवर एकट्या गायगॅक्स यांचं नाव आलं. १९७९ मध्ये आर्नेसन कोर्टात गेले आणि १९८१ मध्ये तडजोड झाली. माझ्या मते मूळ कल्पना आर्नेसन यांची होती. पण ती दुसऱ्या गावातल्या अनोळखी मुलांना खेळता येईल अशी कागदावर उतरवणं, हे काम गायगॅक्स यांचं.

त्यांच्या साहसाच्या पुस्तिकांमध्ये हे सगळ्यात छान दिसतं. नियमांची पुस्तकं लिहून कंटाळा आला, की ते बदल म्हणून ही साहसं लिहायचे. १९७८ मध्ये राक्षसांच्या तीन पुस्तिका आल्या. पहिलीत डोंगरी राक्षसांच्या वाड्यात मेजवानी रंगलेली असते आणि तुम्ही चोरपावलांनी आत शिरता. लढायचं, की लपतछपत फिरायचं? पुस्तिका हे सांगत नाही. कोण कुठे बसलंय, एवढंच सांगते.

त्याच वर्षी 'टूम ऑफ हॉरर्स' आलं. हे थडगं म्हणजे मयसभाच समजा. महाभारतात दुर्योधनाला जमीन वाटते तिथे पाणी निघतं, तसंच इथे. भिंतीवर एक हिरवा राक्षसी चेहरा आहे, तोंड उघडं, आत काळाकुट्ट अंधार. पुढे वाचण्याआधी थांबा आणि सांगा : तुम्ही आत जाल? जो आत जातो तो कायमचा नाहीसा होतो. काठी घालून बघणारा वाचतो, फक्त काठी जाते. आपण खूप हुशार आहोत असं वाटणाऱ्या खेळाडूंसाठी गॅरी यांनी हे मुद्दाम रचलं होतं.

माझी आवडती पुस्तिका मात्र सरहद्दीवरच्या किल्ल्याची, 'कीप ऑन द बॉर्डरलँड्स'. नव्या खेळाडूंच्या संचातच ती मिळायची, त्यामुळे अमेरिकेतल्या लाखो मुलांनी पहिला डाव तिथेच मांडला. किल्ल्यात लोहार आहे, खाणावळवाला आहे, सरदार आहे, पण कुणालाच नाव नाही! नावं सूत्रधाराने ठेवायची. नकाशावर एक गुहाही मोकळी सोडली आहे. तिच्यात काय आहे, ते ज्याचं त्याने ठरवायचं.

पुढे कंपनी खूप मोठी झाली, आणि भांडणंही. १९८५ मध्ये तिचा ताबा गॅरी यांच्या हातून गेला, १९८६ मध्ये ते बाहेर पडले. खेळाचं नाव कंपनीकडे राहिलं, आणि ग्रेहॉकचंही. अर्नी आणि एलिस ज्या भुयारात पहिल्यांदा उतरले, ते त्यांनी तोवर पूर्ण छापलंच नव्हतं. आता ते त्याच नावाने छापताही येईना. म्हणून म्हातारपणी त्यांनी आपल्याच आडनावाची अक्षरं फिरवून किल्ल्याला झॅगिग असं नाव दिलं आणि २००५ पासून त्याचे भाग छापायला घेतले. त्याआधीच, २००४ मध्ये, त्यांना पक्षाघाताचा झटका आला होता. तरी लिहिणं आणि घरी मित्रांबरोबर खेळणं चालूच होतं. ४ मार्च २००८ रोजी लेक जिनीव्हातच ते वारले. तेव्हा ते ६९ वर्षांचे होते.

राक्षसांची साहसं आणि ते थडगं २०१७ मध्ये नव्या नियमांसह 'टेल्स फ्रॉम द यॉनिंग पोर्टल' या पुस्तकात पुन्हा आलं. तुमच्या गावच्या लायब्ररीत विचारून बघा. झॅगिगचा किल्ला मात्र अर्धाच राहिला.